लेडी मॅकबेथ उभी करताना: पत्राच्या वाचनापासून झोपेतल्या चालण्यापर्यंत

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकातली लेडी मॅकबेथची भूमिका बहुतेक वेळा शेवटाकडून बसवली जाते आणि तिथेच ती बिघडते. झोपेत चालण्याचा प्रवेश सगळ्यांना माहीत असतो. म्हणून अभिनेत्री सगळी ताकद त्या प्रवेशासाठी राखून ठेवते आणि आधीचे अंक 'दुष्ट बाई' म्हणून निभावून नेते. मग पाचव्या अंकात एकदम पश्चात्ताप दिसू लागला की तो उसना आणल्यासारखा वाटतो. खरं तर पहिल्याच स्वगतात ती काळोखातल्या शक्तींना विनवते: माझं रक्त दाट करा, पश्चात्तापाची वाट बुजवून टाका. जिला काही वाटतच नाही ती अशी विनवणी कशाला करेल? आपल्याला टोचणार हे तिला आधीच कळलेलं आहे. ही एक गोष्ट तालमीच्या पहिल्या दिवशी पक्की झाली की पुढचं सगळं काम त्यावर रचता येतं.

आधी संहिता हातात घ्या

हे नाटक साधारण 1606 सालचं. छापील रूपात ते पहिल्यांदा 1623च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित संग्रहात, आलं आणि शेक्सपिअरच्या शोकांतिकांमधलं ते सर्वांत आटोपशीर आहे. लेडी मॅकबेथच्या वाट्याला जेमतेम अडीचशे ओळी येतात. भूमिका केवढी मोठी वाटते आणि शब्द किती थोडे, हे लक्षात घेतलं की एकही ओळ वाया घालवता येणार नाही हे उमगतं.

इतिहासातल्या ग्रुऑखचा, म्हणजे स्कॉटलंडवर 1040 ते 1057 राज्य केलेल्या खऱ्या मॅकबेथच्या राणीचा अभ्यास करण्यात फार दिवस घालवू नका. तिला पहिल्या नवऱ्यापासून लुलाख नावाचा मुलगा होता, एवढं कळलं तरी पुरे. नाटकातली बाई म्हणते की मी मूल पाजलं आहे, पण ते मूल कुठे दिसत नाही. त्या मुलाचं काय झालं याचं उत्तर संहिता देत नाही. अभिनेत्रीने मात्र स्वतःपुरतं एक उत्तर ठरवावं आणि ते कुणालाही सांगू नये. ते उत्तर नसेल तर पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातली ती भयानक ओळ, शपथ घेतली असती तर पित्या मुलालाही आपटून मारलं असतं ही, नुसती आरडाओरड होते.

मग कागदावर तिचे प्रवेश ओळीने मांडा. पहिल्या अंकात पाचवा, सहावा, सातवा. दुसऱ्यात दुसरा आणि तिसरा. तिसऱ्यात पहिला, दुसरा, चौथा. पाचव्यात फक्त पहिला. चौथ्या अंकात ती नाहीच. प्रत्येक प्रवेशापुढे दोन रकाने करा: 'ती कुणाला काय करायला लावते' आणि 'उजेड कुठून येतो'. पहिला रकाना भरता भरता दिसेल की सुरुवातीला तिच्या बोलण्याने माणसं हलतात आणि शेवटी कुणीच हलत नाही. दुसरा रकाना पुढे मेणबत्तीपाशी कामाला येईल.

तू की तुम्ही

मराठीत हे नाटक करताना पहिला मोठा निर्णय संबोधनाचा. मूळ इंग्रजीत तिचं नवऱ्याला संबोधणं बदलत राहतं. पत्र वाचल्यावर, तो समोर नसताना, ती त्याला एकेरीत बोलते. तो समोर आला की लवकरच आदरार्थी. सातव्या प्रवेशात तो कच खातो तेव्हा ती मध्येच एकेरीवर उतरते, 'घाबरतोस का तू?' अशा धारेने, आणि 'तेव्हा तुम्ही पुरुष होतात' म्हणताना पुन्हा आदरार्थीवर जाते. मराठीत ही चढउतार करायला आपल्याकडे इंग्रजीपेक्षा जास्त जागा आहे. सरसकट 'तुम्ही' ठेवलं तर ती मराठी ऐतिहासिक नाटकातली राणीसाहेब होते. सरसकट 'तू' ठेवलं तर आजचं जोडपं होतं. पाया 'तुम्ही' ठेवावा आणि सातव्या प्रवेशात नेमक्या तीन-चार वाक्यांपुरतं 'तू' आणावं. प्रेक्षागृहात कान टवकारले जातात ते तिथेच.

शि. म. परांजपे यांचं 'मानाजीराव' आणि वि. वा. शिरवाडकरांचं 'राजमुकुट' ही या नाटकाची मराठी रूपं. 'राजमुकुट' 1954 सालचं आणि दुर्गा खोटे यांनी त्यात काम केलं होतं. रूपांतर निवडा किंवा नवं भाषांतर करा, पण पुनरुक्त शब्द सांभाळा. नवऱ्याने राजा डंकनचा खून केल्यानंतर ती म्हणते 'इवलंसं पाणी पुरे', आणि झोपेत म्हणते की सगळ्या अरबस्तानची अत्तरं हा 'इवलासा' हात सुगंधी करू शकणार नाहीत. मुळात दोन्हीकडे एकच विशेषण आहे. एका जागी 'थोडंसं' आणि दुसऱ्या जागी 'नाजूक' केलं की धागा तुटला. तसंच तिसऱ्या अंकातलं 'झालं ते झालं' आणि पाचव्यातलं 'झालेलं न झालेलं होत नाही'. भाषांतरात ही दोन वाक्यं जुळी बहिणी दिसली पाहिजेत.

आणखी एक चूक फार वेळा होते. पाचव्या प्रवेशात नवऱ्याशी बोलताना ती 'खून' हा शब्द काढत नाही. 'येणाऱ्याची व्यवस्था व्हायला हवी', 'आज रात्रीचं मोठं काम' असं म्हणते. भाषांतरकार प्रेक्षकाच्या सोयीसाठी तिथे 'खून' घालतो आणि तिचा सगळा सावधपणा उघडा पाडतो.

पहिला अंक: पत्र, स्वगत, दटावणी

ती पत्र वाचत येते आणि ते मजकुराच्या मधूनच सुरू होतं. म्हणजे हे पहिलं वाचन नाही. पत्राचा कागद कोरा करकरीत नको. चार घड्या पडलेला, कडा मऊ झालेला हवा. तालमीत तो कागद आठवडाभर अभिनेत्रीच्या जवळच राहू द्या, आपोआप तसा होतो. पत्र गद्यात आहे आणि त्यानंतर पद्य सुरू होतं. गद्यातून पद्यात जाताना आवाजाची जात बदलली पाहिजे, नुसती पट्टी नव्हे.

स्वगतात 'या' अशी हाक तीनदा येते: प्रेतात्म्यांना, मग माझ्या छातीशी या म्हणून, आणि शेवटी दाट रात्रीला. तीन पायऱ्या आहेत. पहिल्याच पायरीवर आवाज टिपेला नेला तर तिसरीला काही उरत नाही. पहिली हाक जवळ उभ्या असलेल्या कुणाला तरी मारल्यासारखी, दुसरी जवळजवळ श्वासात, आणि तिसरीला मोठा आवाज. वाक्यं लांब आहेत. श्वास कुठे घ्यायचा ते पेन्सिलीने खुणा करून ठरवा आणि प्रत्येक श्वास विचार बदलतो तिथेच घ्या. क्रियापदाच्या आधी श्वास तुटला की अर्थही तुटतो. शेवटची मागणी नीट ऐका: माझ्या सुऱ्याला त्याने केलेली जखम दिसू नये. तिला काळोख हवा आहे तो लोकांपासून लपायला तर आहेच, पण स्वतःच्या डोळ्यांपासून लपायलाही आहे.

सहावा प्रवेश म्हणजे डंकनचं स्वागत. इथे फार करण्यासारखं काही नाही. वाक्यं तोललेली, यजमानिणीची. ती नीटनेटकी म्हणावीत आणि चेहऱ्यावर गुपित दाखवू नये.

सातव्या प्रवेशात नवऱ्याला पटवायला तिच्याकडे तीन हत्यारं आहेत: प्रेमावर शंका, पुरुषपणावर शंका, आणि मग मुलाची ओळ. तिन्ही एकाच रागात म्हटली की कजागपणा दिसतो. मुलाची ओळ रागात नकोच. ती तिच्याकडची सर्वांत महागडी वस्तू आहे आणि ती ती पणाला लावते आहे. त्यानंतर मॅकबेथ विचारतो, 'आपण फसलो तर?' तिचं उत्तर दोन शब्दांचं: 'आपण फसू?' फोलिओत तिथे प्रश्नचिन्ह आहे. या भूमिकेसाठी गाजलेली जुनी इंग्लिश नटी साराह सिडन्स हिने ही ओळ वेगवेगळ्या काळात तीन तऱ्हांनी म्हटली: आधी तुच्छतेने विचारलेला प्रश्न, मग आश्चर्य, आणि शेवटी शांत पूर्णविराम, 'फसलो तर फसलो'. तिन्ही तालमीत करून बघा. जो मॅकबेथ समोर आहे त्याच्यावर निवड अवलंबून आहे. डळमळीत मॅकबेथला पूर्णविराम सावरतो, तर वाद घालणाऱ्या मॅकबेथला प्रश्न गप्प करतो.

खुनाची रात्र: तंत्राचा कस

दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश हे घड्याळाचं काम आहे. 'तुम्ही बोललात?' 'कधी?' 'आत्ता.' 'मी उतरताना?' अशा तुटक देवाणघेवाणीत एक पद्य ओळ दोघांत वाटलेली आहे. मध्ये विराम घातला की लय कोसळते. दोघांनी आधी ताटलीवर चमच्याने ठेका धरून ही पानं म्हणावीत, मग ठेका काढून टाकावा. दुसरी अडचण कुजबुजीची. दोघं खऱ्या कुजबुजीत बोलले तर दहाव्या रांगेपुढे काही पोहोचत नाही. आवाज खालचा ठेवा, पण क, ट, प, च ही व्यंजनं ठोसपणे उच्चारा. कान व्यंजनांवरून शब्द पकडतो.

'झोपेत तो माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच केलं असतं.' ही ओळ घाईत निसटते. ती सांगायची म्हणून सांगत नाही, तोंडातून जाते. त्यानंतर मॅकबेथ येतो म्हणून ती तिथेच गाडली जाते, आणि पाचव्या अंकात 'त्या म्हाताऱ्यात एवढं रक्त असेल असं कुणाला वाटलं होतं' होऊन वर येते. म्हणून इथे किंचित थांबा, पण दुःख दाखवू नका.

आता रक्त. ती खंजीर घेऊन आत जाते आणि परत येईपर्यंत मॅकबेथच्या साधारण सात ओळी आहेत, म्हणजे अर्ध्या ते पाऊण मिनिटाचा अवधी. तेवढ्यात दोन्ही हात रंगले पाहिजेत. विंगेत एक माणूस याच कामाला हवा. उथळ थाळीत रक्तात भिजवलेले दोन स्पंज तयार ठेवायचे. तिने तळवे दाबायचे, उलटे करून बोटांच्या मागच्या बाजू टेकवायच्या, झालं. बाटलीतून ओतत बसलात तर कपड्यांवर ओघळ येतात.

रक्त घरी करता येतं. 100 मि.लि. लिक्विड ग्लुकोज, 30 मि.लि. कोमट पाणी, अर्धा चहाचा चमचा लाल खायचा रंग, चिमूटभर कोको पावडर आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. कोकोमुळे लालभडकपणा मरतो, लिक्विडमुळे डाग लवकर सुटतात. लिक्विड घातलेलं रक्त तोंडात जाता कामा नये. रंग नेहमी रंगमंचाच्या दिव्यांखाली तपासा. निळ्या जेलखाली, म्हणजे दिव्यापुढच्या रंगीत पारदर्शक कागदाखाली, हेच रक्त काळं दिसतं. मग रंग वाढवून उपयोग नाही, हातांवर पडणारा दिवा बदलावा लागतो. अभिनेत्रीच्या बोटांना आधी खोबरेल तेलाचा पातळ हात द्या आणि पुसून टाका. तेल राहिलं तर खंजीर निसटतो. खंजिरांना धार आणि टोक दोन्ही नकोत. जमिनीवर सांडलेला थेंब चिकट आणि निसरडा असतो, तेव्हा अंधार होताच ओल्या फडक्याने पुसणारा माणूसही आधी ठरवून ठेवा.

तिसऱ्या प्रवेशात ती रात्रीच्या वस्त्रात, हात धुऊन येते. मधल्या वेळात द्वारपालाचा सबंध प्रसंग आहे, तेव्हा चार-पाच मिनिटं मिळतात. कोमट पाण्याचं घमेलं, साबण, टॉवेल विंगेत हवेत. नखांच्या कडा विसरू नका. त्या तशाच राहिल्या तर पुढच्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसतात. तिथे ती 'मला इथून न्या' म्हणत मूर्च्छित होते ते खरं की नाटक, याचा निकाल संहितेत नाही. मॅकबेथ डंकनच्या पहारेकऱ्यांना मारल्याचं कबूल करतो आणि हे तिच्या योजनेत नव्हतं. त्या क्षणी तिने त्याच्याकडे पाहिलं तर मूर्च्छा खरी वाटते. लोकांकडे पाहिलं तर ती चाल वाटते. खरी करणं अधिक सकस. योजना तिच्या हातातून निसटायला तिथूनच सुरुवात होते.

राणी झाल्यावर: नुसती रिकामी

तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात ती राणी म्हणून येते आणि तिला एकच वाक्य आहे. मग मॅकबेथ सगळ्यांना निरोप देतो आणि त्या 'सगळ्यां'त तीही जाते. दिग्दर्शकाने हे जाणं दिसू द्यावं: ती थांबते, तो पाहत नाही, ती सरदारांच्या मागून निघते. लगेच पुढच्या प्रवेशात ती नोकराकरवी निरोप पाठवते की महाराजांना सवड असेल तर दोन शब्द बोलायचे आहेत. स्वतःच्या नवऱ्याशी बोलायला निरोप! पोशाखाचा थाट इथेच सर्वांत जास्त हवा, कारण आतलं रितेपण थाटावर उठून दिसतं. 1888 साली लंडनच्या लायसियममध्ये एलन टेरी या भूमिकेत भुंग्यांच्या हिरव्या चमकदार पंखांनी मढवलेल्या पोशाखात उभी होती. तेवढा खर्च कुणी करावा असं नाही, पण पोशाख जड असावा.

नोकर गेल्यावरच्या चार ओळी, 'सगळं गेलं, हाती काही नाही' या अर्थाच्या, म्हणजे संपूर्ण भूमिकेची बिजागरी. मॅकबेथ येताच ती त्या झाकून त्याचीच समजूत काढते. दोघांच्या मनात तेच विंचू आहेत, पण तो ते बोलून दाखवतो आणि ती नाही. 'तुला माहीत नसलेलंच बरं' असं तो म्हणतो तेव्हा भागीदारी संपली. तिचा हात त्याच्या बाहीवर असेल तर तो तिथेच सुटावा.

मेजवानीत एक नियम: मॅकबेथने मारवलेल्या बँकोचं भूत तिला दिसत नाही, म्हणून तिने त्या रिकाम्या आसनाकडे पाहायचंच नाही. नटांचे डोळे सवयीने तिकडे जातात. तिची नजर पाहुणे आणि नवरा यांच्यातच फिरत राहिली पाहिजे. सरदारांची भूमिका करणारे चारच असले तरी चालतं, मात्र ते एका बाजूला दाटीने बसलेले नकोत, नाहीतर तिला समजूत घालायला फिरता येत नाही. पाहुणे गेल्यावर ती जवळजवळ गप्प होते. रात्र किती झाली याचं उत्तर देते, 'तुम्ही निरोप पाठवला होता का, महाराज?' असं विचारते, आणि शेवटी झोपेबद्दल बोलते. इथे रागावायचं नाही, रडायचं नाही. नुसता थकवा. या प्रवेशात मोडून पडलात तर पाचव्या अंकात मोडायला काही उरणार नाही.

त्यानंतर ती अर्ध्या तासाहून अधिक वेळ रंगमंचावर नाही. मेकअपरूममध्ये फोन बघत बसू नये. रंगभूषा उतरवून चेहरा फिका करायला दहा मिनिटं द्या, केस मोकळे करा, आणि उरलेला वेळ अंधारात, गुडघे-घोटे सैल करत, हलका आवाज चालू ठेवून काढा. थंड पडलेला घसा आत आला तर पहिलंच वाक्य फाटतं.

झोपेत चालणं

1611 साली लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात हे नाटक पाहिलेल्या सायमन फोरमनने आपल्या टिपणात राणीच्या झोपेत चालण्याची आणि वैद्याने तिचे शब्द टिपून घेतल्याची नोंद केली आहे. तेव्हा ही भूमिका मुलगा करत असे. प्रवेश गद्यात आहे. पद्याची शिस्त ती गमावून बसली आहे.

हातांवर रक्त लावू नका. ही सर्वांत घोर चूक. हात स्वच्छ आहेत म्हणूनच प्रसंग भयंकर आहे. हात पुढे पसरून चालणंही नको. वैद्य म्हणतो की डोळे उघडे आहेत, दासी उत्तर देते की त्यांतली जाण मिटलेली आहे. नजर साधारण दोन हात पुढे, हवेत ठेवा, कशावरही केंद्रित न करता, आणि पापण्या फार हळू लववा. पावलं नेहमीसारखी, कारण घर तिच्या पायांना पाठ आहे.

मेणबत्ती तिच्या हुकमाने रात्रंदिवस जवळ असते. पहिल्या अंकात जी काळोख मागत होती तीच ही. उजेडाच्या रकान्याचा हिशेब इथे पुरा होतो. सिडन्सने 2 फेब्रुवारी 1785 रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात पहिल्यांदा या प्रवेशात मेणबत्ती खाली ठेवून हात धुतले. आधीच्या प्रसिद्ध नटीने ती कधीच हातातून सोडली नव्हती म्हणून व्यवस्थापक शेरिडनने हरकत घेतली होती. ठेवणंच योग्य, दोन हातांशिवाय हात धुतले जात नाहीत. खरी ज्योत वापरायची तर पोशाख सुती, केस मात्र मोकळे न सोडता मागे बांधलेले, विंगेत पाणी आणि वाळूची बादली, आणि नाट्यगृहाची आधी परवानगी. नाहीतर बॅटरीची मेणबत्ती घ्या, पण तिचा उजेड चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही म्हणून खालून एक मंद, पिवळसर दिवा जोडा.

तालमीची पद्धत अशी. प्रत्येक तुकडा कोणत्या प्रसंगातून तुटून आला ते लिहा. डाग आणि हात धुणं खुनाच्या रात्रीचं. 'एक, दोन, चला, वेळ झाली' म्हणजे तिनेच वाजवलेली घंटा. 'शिपाईगडी असून भिता?' सातव्या प्रवेशातली दटावणी. 'अशा दचकण्याने सगळं बिघडवता' मेजवानीतलं. बँको पुरलाय, थडग्यातून येणार नाही, हेही मेजवानीचंच. दारावरची थाप पुन्हा खुनाच्या रात्रीची. आता मॅकबेथ करणाऱ्या नटाला तिच्या कानाशी उभं करा आणि प्रत्येक तुकड्याआधी त्याचं मूळ वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्या. ती उत्तर देते. असे चार-पाच दिवस. मग तो दहा पावलं दूर, मग खोलीबाहेर, मग गप्प. तिने मात्र त्याची वाक्यं ऐकत राहायचं. विराम किती सेकंदांचा हे मग ठरवावं लागत नाही, न ऐकू येणारं वाक्य जेवढं लांब तेवढा विराम.

एक तुकडा मात्र कुठल्याच प्रसंगातला नाही: 'फाईफच्या सरदाराला बायको होती, ती आता कुठे आहे?' त्या सरदाराच्या, म्हणजे मॅकडफच्या, बायकोच्या हत्येवेळी ती तिथे नव्हती. मुळात ही ओळ यमकाची आहे, बडबडगीतासारखी. मराठीतही यमक ठेवा आणि पोरीच्या आवाजात, जवळजवळ गुणगुणत म्हणा.

अत्तराच्या ओळीनंतर तीन सुस्कारे आहेत. इथे किंचाळण्याची खोड फार जुनी. पण वैद्य लगेच म्हणतो, 'केवढा हा उसासा!' तेव्हा तो उसासाच हवा: लांब, पोटातून आणि आवाज जवळजवळ नसलेला. शेवटी 'या, या, या, या, हात द्या' म्हणताना तिने रिकाम्या हवेतला हात धरून चालावं. मनगट त्या वजनाने थोडं खाली झुकलं की समोरच्याला तिथे मॅकबेथ दिसतो. मेणबत्ती उचलायची की तिथेच सोडायची? सोडावी. वैद्य आणि दासीच्या शेवटच्या बोलण्यावर तिचाच उजेड पडू द्या आणि प्रवेश संपताना ती विझवा.

29 जून 1812 रोजी सिडन्सच्या निरोपाच्या प्रयोगात प्रेक्षकांनी या प्रवेशानंतर नाटक पुढे चालूच दिलं नाही. आपल्याला मात्र पुढे जायचं आहे. पाचव्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात आतून बायकांचा आक्रोश येतो आणि राणी मेल्याची बातमी एका वाक्यात सांगितली जाते. आक्रोश *बायकांचा* आहे. त्यात लेडी मॅकबेथ करणाऱ्या अभिनेत्रीचा आवाज मिसळू नका, प्रेक्षक तो लगेच ओळखतात आणि आत्महत्या पडद्यामागे घडते आहे असं धरून चालतात. दोन किंवा तीन वेगळे आवाज, रंगमंचाच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून, तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. रेकॉर्डिंग लावायचं असेल तर स्पीकर मागे ठेवा. पुढच्या स्पीकरमधून आलेला आक्रोश वाड्यातून आल्यासारखा वाटत नाही.